ज्याचं पंक्चर त्यानं काढायचं

नियम इब्राहिमभाईंनी घातलेला, त्यामुळं तो मोडायची आमची छाती नव्हती. ज्याचं पंक्चर त्यानंच काढायचं. बाकीच्यांनी हात लावायचा नाही. बाटलीतलं पाणी पीत उभं राहायचं, घड्याळ लावायचं आणि जीभ सैल सोडायची. आमच्या भागात माळावर सायकल घातली की वेड्या बाभळीचा काटा ठरलेलाच, म्हणून दर रविवारी कुणाची ना कुणाची पाळी यायची.

आम्ही तिघं. भाईंचं भवानीनगरला एसटी स्टँडजवळ सायकलचं दुकान. बुद्धघोष साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. मी अनुप, पणदऱ्यात जनावरांचा डॉक्टर. अकरा वर्षांपूर्वी पोट सुटलं म्हणून मी जाड टायरची गिअरवाली सायकल घेतली, आठवड्यात ती बिघडवली आणि भाईंच्या दुकानात नेली. त्यांनी चाक उचलून एकदा फिरवलं, कान लावला आणि म्हणाले, "डॉक्टर, गाईला बी असंच वागवता काय तुमी?" तिथून आमचं जमलं.

भाई तेव्हा त्रेचाळीसचे. शिडशिडीत, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला, बोटं कायम काळी. बारामतीच्या कुण्या इंजिनिअरनं आपटून टाकून दिलेल्या माउंटन बाइकचा सांगाडा त्यांनी आणला, सरळ केला, ट्रॅक्टरच्या लाल रंगानं रंगवला आणि त्यावर आपली सायकल उभी केली. ती आमच्या शोरूममधून आणलेल्या सायकलींपेक्षा हलकी चालायची, हे मला आजही पचत नाही. कालव्याच्या भरावावरून आम्ही शेळगावच्या माळाकडं जायचो. गवतातून चिंकारा उठला की भाई पॅडल थांबवून हात वर करायचे आणि आम्ही मागं जागच्या जागी थबकायचो. वर्षातून एकदा लांब जायचं, साताऱ्यापलीकडं ठोसेघरच्या पठारावर नाहीतर कोयनेच्या अंगाला. उतारावर भाई पुढं. ब्रेकवर एकच बोट ठेवायचं, उरलेल्या बोटांनी मूठ धरायची, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं.

पंक्चर काढायला त्यांना सहा मिनिटं लागायची. चाक उतरवणं, ट्यूब ओढणं, भोक शोधणं, ठिगळ धरावं म्हणून ट्यूबला कानस मारणं, सोल्युशन, ठिगळ, हवा, सगळं धरून सहा. बुद्धघोषनं मोबाइलवर मोजलं होतं. मला बावीस लागायची, आणि एवढं करून भाई माझं ठिगळ अंगठ्यानं दाबून बघायचे. "ही कानस मारली का ट्यूबला गोंजारलं?" असं काहीतरी ठरलेलं. अकरा वर्षांत माझं एकही ठिगळ त्यांना पसंत पडलं नाही.

हिमालयात स्पितीला सायकलनं जायचं दोन वर्षं चाललं होतं. भाईंनी दुकानात टायरांच्या वरच्या भिंतीवर नकाशा चिकटवला होता. गिऱ्हाईक सायकलची चौकशी करायला आलं की त्याला आधी कुंजुम खिंड दाखवायचे. यंदाच्या सप्टेंबरमध्ये जायचं नक्की झालं.

गेल्या डिसेंबरात शेळगावच्या माळावर भाईंच्या मागच्या चाकात काटा घुसला. त्यांची पाळी क्वचित यायची, म्हणून आम्ही खुशीत बाटल्या काढल्या. बुद्धघोषनं घड्याळ लावलं. सहा मिनिटं गेली, दहा गेली. टायर उतरवायची पट्टी त्यांच्या हातातून दोनदा निसटली. पुढं ठिगळाच्या पाठीचा कागद सुटेना. मी म्हणालो, "भाई, दुकान बंद करा आणि शेळ्या पाळा. औषधपाणी माझ्याकडं लागलं!" बुद्धघोष पोट धरून खाली बसला. भाईही हसले. एक्केचाळीस मिनिटं लागली. बुद्धघोषनं तो आकडा आमच्या ग्रुपवर टाकला आणि मी त्याखाली हसणारी तोंडं टाकली.

मी जनावरांचा डॉक्टर आहे. गाय दोन पावलं चालली की तिचं कुठं दुखतंय ते मला गोठ्याच्या दारातून कळतं. तिला सांगता येत नाही म्हणून मी बघायला शिकलो. आणि माझ्या मित्राची बोटं एक्केचाळीस मिनिटं डोळ्यांदेखत अडखळत होती, तेव्हा मी शेळ्यांवरून विनोद करत होतो. याची मला लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

फेब्रुवारीत ठोसेघरला गेलो. पठारावरून उतरताना भाई पहिल्यांदाच मागं राहिले. खाली गावात हॉटेलापाशी पोचले तेव्हा मागचं टायर सपाट, ट्यूबच्या चिंध्या, रिम वाकलेली. सात किलोमीटर ते तसेच दगडांतून आले होते. मी चारचौघांसमोर तोंड सोडलं. "रिम खाल्लीत तुम्ही! दुसऱ्या कुणी अशी सायकल दुकानात आणली असती तर तुम्ही त्याला उभं केलं असतं का?"

"ध्यानात आलं न्हाय," भाई म्हणाले.

नुसत्या आवाजावरून चेनचा कुठला दुवा गेलाय ते सांगणारा माणूस! थांबलं तर पंक्चर काढावं लागेल आणि आम्ही बघत उभे राहू, म्हणून ते थांबले नव्हते. एवढी साधी गोष्ट मला तेव्हाही कळली नाही. परतीच्या गाडीत मी घुम्यासारखा बसून राहिलो.

मार्चमध्ये शबानाभाभी, भाईंच्या घरच्या, शेळी घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. शेळीला काहीही झालं नव्हतं.

"डॉक्टर, तुमी जनावराचं बघता, ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "पर ह्यांचं जरा बघाल का? उजवा हात बसल्याजागी थरथरतोय. सदऱ्याची बटनं मी लावती. कुणाला सांगायचं न्हाय म्हनत्यात. दुपारी शटर ओढून आत बसत्यात. तुमी या आन् काय करत्यात ते बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात गेलो. शटर अर्धं वर केलं. भाई पोत्यावर बसले होते, पुढं पाण्याचं घमेलं आणि मांडीवर एक जुनी ट्यूब. तिच्यावर ठिगळं होती, ओळीनं एकोणीस. पहिली वाकडीतिकडी, पुढची त्याहून वाकडी. स्वतःच आरीनं भोक पाडायचं आणि स्वतःच बुजवायचं, असं त्यांचं महिनाभर चाललं होतं.

"सराव करतोय," ते म्हणाले. "सहा न्हाय व्हायची आता. पर बावीसवर आनतो. तुमच्याएवढं."

"अहो, मग माळावर का नाही सांगितलं?"

"नियम माझाच हाय की, डॉक्टर."

मी तिथल्या तिथं त्यांचा मोकळा हात हातात घेतला. तो माझ्या मुठीत थरथरत राहिला.

पुण्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी काही वर्षं सावरून धरता येईल, बरा होणार नाही. बटण, सुई, ठिगळ असली बारीक कामं आधी जातील. चालणं जड होईल. सायकलवर मूठ आवळून पाय फिरत राहिले की हा आजार थोडा दबून राहतो, असंही ते म्हणाले. म्हणजे सायकलवर बसलेल्या भाईंकडं बघून आम्हाला काही कळणारच नव्हतं. कळायचं ते खाली उतरल्यावर, आणि तिथं आम्ही हसत उभे होतो.

"स्पिती?" भाईंनी विचारलं. डॉक्टरांनी उताराला बोटं ब्रेकवर वेळेत दाबली जातात का, एवढंच विचारलं. भाईंनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नकाशाच्या जागी फिकट चौकोन राहिला होता. त्यांचा मुलगा साद पुण्याहून आला, दुकान दुसऱ्याला चालवायला देऊ म्हणाला, आणि भाई एका शब्दानं हो म्हणाले. माझं त्यांच्याशी भांडण झालं ते या 'हो'वरून. ते भांडले नाहीत, मी एकटाच भांडलो.

जूनच्या शेवटच्या रविवारी आम्ही निघालो. माळ नाही, उतार नाही, फक्त कालव्याचा भराव. मी आणि बुद्धघोषनं आदल्या दिवशी ठरवून टाकलं होतं: पाळी भाईंची आली तर त्यांचं त्यांनाच काढू द्यायचं, घड्याळ लावायचं नाही, दुपार झाली तरी चालेल. निदान तेवढं त्यांचं त्यांच्याकडं राहू दे, असं आम्हाला वाटत होतं. भाई मध्ये, आम्ही पुढं मागं. तासाभरात काटा घुसला तो त्यांच्याच चाकात.

आम्ही ठरल्याप्रमाणं उभे राहिलो. एरवी टोमण्यांना तोटा नसायचा. त्या दिवशी आम्ही नुसती बाटल्यांची झाकणं उघडत आणि लावत राहिलो. भाई मातीत बसले. टायरची थोडीशी कड सुटायलाच अर्धा तास गेला. पट्टी पडली, उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती उचलली, सदऱ्याला पुसली आणि माझ्यापुढं धरली.

"अनुप," ते म्हणाले, "तू काढ."

अकरा वर्षं मी त्यांचा 'डॉक्टर' होतो, 'तुमी' होतो.

"भाई, नियम..."

"काढ रं."

मी बसलो. रडू येत होतं आणि सगळ्यांवर राग येत होता, काट्यावर, पुण्याच्या डॉक्टरांवर, स्वतःवर. आणि मी एक गोष्ट मुद्दाम केली. कानस मारलीच नाही. तशाच गुळगुळीत ट्यूबवर सोल्युशन थापलं आणि ठिगळ चिकटवलं. भाई माझ्या हातांकडं बघत होते. त्यांनी बघितलं, हे मी बघितलं. आता शिव्या बसतील म्हणून मी मान खाली घालून थांबलो. त्यांनी एक शिवी घातली असती तर मी त्या दिवशी घरी शीळ घालत गेलो असतो.

"झालं? चला," ते म्हणाले.

दोन किलोमीटरवर हवा गेली. जाणारच होती. भाई उतरले, दोन पावलं रेटत चालले, अडखळले आणि बांधावर बसले. बुद्धघोष माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता की मला वर बघवेना. मी चाक पुन्हा उतरवलं. या वेळी कानस मारली, ट्यूब पांढरी पडेस्तोवर मारली, सोल्युशन वाळू दिलं, ठिगळ कडेकडेनं दाबलं. माझ्या हातून इतकं चांगलं काम आजवर झालं नव्हतं. मी ट्यूब घेऊन भाईंकडं गेलो आणि अंगठ्यानं दाबून बघावी म्हणून त्यांच्यापुढं धरली.

ते कालव्याच्या पाण्याकडं बघत होते, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून. त्यांनी मान वळवली नाही.

"तू केलंयस म्हंजे बरंच असंल," ते म्हणाले.