हेर झेलिगमान यांची पत्रं

दुपारची जेवणं झाली आहेत. वाईच्या घरात, माजघरातल्या खाटेवर मी आडवा झालोय. बायको मागे भांडी लावते आहे. एक भांडं वाजतं, बऱ्याच वेळानं दुसरं. तिसऱ्याची मी वाट बघतो, ते वाजतच नाही.

समोरच्या भिंतीत एक खिडकी आहे. टपालकचेरीत असते तशी, लहान, जाळीची. पलीकडे झेलिगमान उभे आहेत. अंगात कैद्यांच्या छावणीतला खाकी सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. त्यांना जाऊन चोवीस वर्षं झाली हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक असावं.

"खांबेटे," ते म्हणतात, "माझी पत्रं जातात ना?"

ते स्वच्छ मराठी बोलतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. जिवंतपणी त्यांना तीनच मराठी शब्द येत होते. पाणी, नमस्कार आणि हेर. त्यांच्या भाषेत 'श्रीयुत'ला 'हेर' म्हणतात. छावणीतले शिपाई 'हेर झेलिगमान' अशी हाक मारून हसायचे. त्यांना अर्थ कळल्यावर तेही हसले होते. ते हसल्याचा मला एवढाच प्रसंग आठवतो.

युद्ध सुरू झालं तेव्हा सरकारनं मुलखातले सगळे जर्मन धरून डोंगरावरच्या छावणीत आणले. त्यांत हिटलरवाले होते, आणि ज्यू म्हणून हिटलरनं हाकलून दिलेले झेलिगमानही होते. आत-बाहेर जाणारी पत्रं तपासण्याच्या कचेरीत मी कारकून होतो.

"या, माझी कचेरी दाखवतो," ते म्हणतात.

मी खाटेवरून पाय खाली ठेवतो तो बर्लिनमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. छपाईयंत्रांनी जमीन थरथरते आहे. टेबलं आपल्या वाईच्या शाळेतल्या बाकांसारखीच आहेत, शाईच्या डागांसकट.

"एकोणिसाव्या वर्षी बुद्धिबळाची स्पर्धा जिंकलो, मास्टर झालो," ते सांगतात. "लोकांना वाटलं, हा जगज्जेता होणार. मलाही वाटलं. पण खेळापेक्षा खेळावर लिहिणं मला जास्त जमलं. दर गुरुवारी बुद्धिबळाचं सदर. चौदा वर्षं. पुढे राजकारणावरही लिहायला लागलो."

"मग?"

"मग एका सोमवारी आलो, तर माझी खुर्ची नव्हती. सगळे मान खाली घालून लिहीत होते. क्लबातही तेच. पाटीवरचं माझं नाव पुसलेलं."

जमीन अजून थरथरते आहे, पण आता ती आगगाडीमुळे. फलाटावर पोरंच पोरं. प्रत्येकाच्या गळ्यात नंबराचा पुठ्ठा. त्यांची हान्ना नऊ वर्षांची आहे. आई नाही. बापाला मुंबईचा परवाना मिळाला तो एकट्याचा, म्हणून ती इंग्लंडात परक्या घरी निघाली आहे.

"ती रडत होती," ते म्हणतात. "मी खिडकीतून तिला डावाची पहिली चाल सांगितली. म्हटलं, तुझी चाल पत्रातून पाठव. ती रडायची थांबली आणि विचार करायला लागली. गाडी हलली तरी विचारच करत होती."

मला पुढचं ठाऊक आहे. पुढचं माझं आहे.

फलाटाच्या टोकाला आमच्या साहेबाचं टेबल आहे. साहेबाच्या हातात झेलिगमान यांचं पत्र. त्यात अक्षर-आकडा, अक्षर-आकडा.

"खांबेटे, तुला बुद्धिबळ येतं. हा डाव आहे की गुप्त लिपी?"

त्या चाली मी आदल्या दिवशी घरी पटावर मांडून पाहिल्या होत्या. सरळ डाव होता. बापानं मुलीला जिंकता यावं म्हणून हळूच वाट सोडलेला. पण माझी नोकरी कच्ची होती, आणि कैद्यांची बाजू घेतो म्हणून आधीच्या कारकुनाला काढलेलं मी पाहिलं होतं.

"नक्की सांगता येत नाही, साहेब," मी तेव्हा म्हणालो. आत्ताही तेच म्हणतो. तोंडातून दुसरं निघत नाही.

त्यानंतर त्यांचं एकही पत्र गेलं नाही, तिचं त्यांच्या हाती पडलं नाही. ते दर आठवड्याला खिडकीशी येऊन विचारायचे, पत्रं जातात ना? मी म्हणायचो, जातात. तीन वर्षं. मग त्यांना टायफॉइड झाला.

"जात नव्हती," मी म्हणतो. "एकही नाही."

ते जाळीत बोटं अडकवतात.

"तिची आली?"

"दोन. दुसऱ्यात लिहिलं होतं, पप्पा, मी वजीर चुकीच्या घरात ठेवला म्हणून तुम्ही रागावलात का? मी चाल परत घेते."

त्यांनी शिवी दिली असती तर मी ती घेतली असती.

"लिहा," ते म्हणतात. "हान्ना, मी रागावलो नाही. चाल बरोबर होती."

मी पेन्सिल घेऊन भराभर लिहितो. "पत्ता?"

"तो तुम्हालाच ठाऊक. पत्रं तुमच्याकडे होती."

पत्रं मी जाळली. छावणी उठली तेव्हा वरून हुकूम आला आणि मी माझ्या हातानं जाळली. मी पत्ता आठवू लागतो. गावाचं नाव येत नाही, घराचा नंबर येत नाही, ज्यांच्या घरी ती होती त्यांचं आडनावसुद्धा येत नाही. ते थांबले आहेत. कसलीही घाई नसल्यासारखे थांबले आहेत.

"अहो, चहा झालाय," बायको हलवते. मग वाकून बघते. "ओठाला काय लावलंय हे?"

मी बोट फिरवतो. बोट जांभळं होतं. ओली केल्यावर जांभळी उमटणारी शाईची पेन्सिल आम्ही कचेरीत जिभेला लावायचो. तसली पेन्सिल आमच्या घरात कधीच नव्हती.