नागकन्येचे पाय

जनरेटरच्या डिझेलचा वास आला की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "या या, अर्धी बाई, अर्धा साप!"

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत जत्रेच्या खेळांचे तंबू लागले होते. मी तेव्हा कॉलेजात होतो. नागकन्येच्या तंबूबाहेर भोंग्यावर ओरडणाऱ्या मालकाची नक्कल मी त्याच्यासमोरच केली. तो खूश होऊन म्हणाला, "चल मेल्या, तुला आतलं दाखवतो."

आत नागकन्या म्हणजे त्याचीच मुलगी, सुमन. टेबलाच्या भोकातून डोकं वर, बाकी सगळी खाली खोक्यात दुमडलेली. सापाचं धड म्हणजे रंगवलेल्या कापडात भरलेला भुसा.

"काय गो, फणा घरी विसरलीस?" मी विचारलं. ती हसली नाही. बाप चहाला गेल्यावर हळूच म्हणाली, "दादा, सकाळपासून बसलेय. पाय कळेनासे झालेत. बाबांच्या आवाजात सांगा ना, खेळ संपला."

मी भोंग्यावर तसं सांगितलं. माणसं पांगली. सुमन बाहेर आली आणि बांबू धरून कशीबशी उभी राहिली. पोटऱ्यांवर फळीचे वळ होते.

तेवढ्यात बाप आला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तो हसत म्हणाला, "मीसुद्धा फसलो रे! आता तशीच परत बोलाव माणसं."

मी माईक खाली ठेवला. मग त्यानेच तो उचलला.

तेव्हा वाटलेलं, दोन घटका तरी सुटली बिचारी. आता आठवतं ते एवढंच, की तिने हातांनी उचलून एकेक पाय खोक्यात ठेवला, डोकं भोकातून वर काढलं आणि आत येणाऱ्या लोकांकडे बघून हसली.