भाजलेल्या बदकासमोर जावयाची मुलाखत

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मगच मी सुरुवात करतो. मागे हा प्रकार सांगत होतो, तर आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी समोरच्याच्या सदऱ्यावर चहाचा फवारा मारला होता.

गाढवपणा माझाच. संपूर्ण माझा. यात दुसऱ्या कुणाचा काडीचाही वाटा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी माने, मूळचा कराडकडचा. विमा कंपनीत अधिकारी. बदली होऊन जयपूरला आलो त्याला इतकी वर्षं झाली की पोरगी इथंच वाढली. ऋतुजा. तिचं मराठी म्हणजे निम्मं हिंदीच. एका शुक्रवारी जेवताना ती म्हणाली, "बाबा, मतलब, मला तुम्हाला कुणाशी तरी भेटवायचंय," आणि माझा घास हातातच राहिला.

"कुणाशी?"

"आहे एक. उद्या दुपारी एकला या. जगतपुऱ्यात कॉलेजच्या गल्लीत एक छोटं नूडल्सचं दुकान आहे. तो तिथंच असेल. मी ऑफिसातून डायरेक्ट येते."

"नाव काय? करतो काय? कुठला?"

"भेटल्यावर विचारा ना! आत्ता सांगितलं तर तुम्हाला रात्री झोप येणार नाही."

नाही सांगितलं तर झोप येईल, असं वाटलं की काय तिला?

आमची सुनंदा तेव्हा माहेरी होती, कराडला. तिला फोन लावला. तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे वेगळं सांगायला नकोच. वर मलाच ताकीद! "शांत बसा. ऐकून घ्या. ऑफिसात लोकांचे दावे तपासता, तसं त्या पोराला तपासू नका."

शांत बसा! अहो, मला शांत बसता येत असतं तर आणखी काय पाहिजे होतं? मी खुर्चीत बसलो की माझा उजवा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत असतो. लोकांना वाटतं भूकंप आला.

शनिवारी मी मालवीय नगरातल्या घरात सकाळपासून येरझाऱ्या घातल्या. दोनदा दाढी केली. शेवटी स्कूटर काढली आणि एकला बोलावलेला माणूस बाराच्या सुमारासच जगतपुऱ्यात हजर!

आता इतक्या लवकर आत कसं जायचं? बाहेरच घुटमळत राहिलो. नूडल्सच्या दुकानाला लागून एक बंद गाळा होता. शटर अर्धवट उचललेलं. वेळ घालवायला माणूस काय करत नाही? मी वाकून त्या गाळ्यात डोकावलो. उठलो, फेरी मारली, परत डोकावलो. शटरवर बोटानं टकटक केलं. भिंतीला हात लावून पाहिला. उगीच हो! पण हे सगळं शेजारच्या काचेतून कुणी तरी बघत होतं, हे मला कुठं माहीत?

ऊन असह्य झालं तसा आत शिरलो.

दुकान कसलं, चार टेबलांची खोली. पण वास! दारातच चक्रीफुलाचा वास आला आणि मला एकदम गावाकडचा मटणाचा रस्सा आठवला. काचेमागं आकड्यांना भाजलेली बदकं टांगलेली, तुपानं माखून उन्हात ठेवल्यासारखी चकचकीत. शेजारी डुकराच्या मांसाचे लांबट तुकडे, वरची कातडी भाजून फुगलेली, पापडासारखी. एक मुलगी मोठा सुरा घेऊन खटाखट तुकडे पाडत होती. टेबलांवर ईशान्येकडची कॉलेजची पोरं वाडग्यांत तोंड घालून सुरसुर नूडल्स ओढत होती.

तेवढ्यात काळा टी-शर्ट घातलेला एक हसरा तरुण लगबगीनं पुढं आला. मी म्हटलं, "मी आलोय. भेटायला."

"मला वाटलंच सर! बाहेर पाहिलं तुम्हाला. या, या, वाटच बघत होतो. बसा."

हाच तो! आता पुढचं सगळं बोलणं हिंदीत झालं, पण मी मराठीत सांगतो, कारण माझं हिंदी तुम्हाला ऐकवणार नाही.

"नाव काय तुमचं?"

"दावा."

घ्या! अख्खं आयुष्य दावे फेटाळण्यात गेलं, आणि आता जावयाचं नाव दावा! कालिम्पाँगकडचा निघाला. हे दुकान त्याचंच, आणि भाजायचं काम कलकत्त्यात कुणा उस्तादाकडे शिकलेला. बोलणं नम्र. म्हटलं, ठीक आहे माने, मन मोठं करा. पोरगं कष्टाळू दिसतंय.

"सर, तुम्ही काही घ्याल का? म्हणजे... तुमचे धाकटे भाऊ म्हणत होते, तुम्ही कांदासुद्धा खात नाही."

माझा पाय हलायचा थांबला. "माझ्या भावाशी बोलणं झालंय तुमचं?"

"हो सर, मागंच. ते तयारच आहेत. म्हणाले, माझी काही हरकत नाही, फक्त मोठ्या भावानं एकदा बघून हो म्हटलं पाहिजे."

म्हणजे आमचा दिलीपही सामील! कराडात बसून परस्पर होकार देऊन मोकळा! आणि मी कांदा खात नाही, अशी थाप? तांबड्या रश्श्यात पोहणारा माणूस मी! दिलप्याला नंतर बघतो म्हटलं, आणि जोरात सांगितलं, "मी सगळं खातो. आणा काय आणायचं ते."

त्याचा चेहरा असा उजळला! वाँटनचा वाडगा आला, बाजूला बदकाच्या आणि डुकराच्या मांसाची बशी. वाँटन म्हणजे काय सांगू, पातळ पोटाची इवलीशी करंजी, आत खिमा, आणि ती गरम रश्श्यात बुडी मारून बसलेली. खाली नूडल्सचं जाळं. मी दोन काड्यांनी एकीला धरायला गेलो, ती सटकली. दुसरीला धरलं, तीही सटकली. शेवटी चमच्यानं उचलली, आणि खरं सांगतो, जिभेवर विरघळलीच! त्या भाजक्या कातडीचा कुरकुर आवाज तर मला कानात आतून ऐकू आला. रागही शांत व्हायला लागला होता. पण दावा बोलायला लागला.

"खरं सांगू सर? पहिल्यांदा पाहिली तेव्हाच मनात भरली. रोज येता-जाता नजर जायची. म्हटलं, एवढी चांगली, आणि अशी नुसती पडून?"

हे मात्र खरं होतं. रविवारी ऋतुजा दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाही. पण ते याला कसं कळलं?

"थोडी जुनी आहे," तो म्हणाला, "पण मला चालेल."

"जुनी?" मी चमचा खाली ठेवला. "सव्वीस वर्षं म्हणजे जुनी?"

"सव्वीस? वाटत नाही हं सर! चांगली जपलीय तुम्ही. जरा रंगरंगोटी केली की बघतच राहतील लोक."

"रंगरंगोटीची काही गरज नाही. आहे तशी उत्तम आहे!"

"तुम्ही म्हणाल तसं, सर."

माझा पाय पुन्हा सुरू झाला. वाडग्यातला रस्सा हिंदकळायला लागला. तरी सुनंदाची ताकीद आठवून मी सभ्यपणे विचारलं, "तुमच्या घरचे काय म्हणतात?"

"आई जरा घाबरते. म्हणते, दोन-दोन सांभाळणं जमेल का तुला?"

"दोन?"

"ही एक आहेच ना, सर!" त्यानं अभिमानानं काउंटरच्या दिशेनं हात फिरवला.

मी वळून पाहिलं. काउंटरवर ती सुरेवाली. माझ्याकडे बघून गोड हसली आणि सुरा हलवून नमस्कार केला.

घशात वाँटन अडकला माझ्या! पाणी प्यालो. म्हटलं, "ही... ही असताना तुम्हाला दुसरी पाहिजे?"

"हिला सोडणार नाही, सर. हिच्यावरच तर मी उभा राहिलो. पण आता एकीनं भागत नाही. संध्याकाळी पोरं बाहेर रांगा लावतात. दोघी शेजारी-शेजारी असल्या की किती सोपं!"

काय ऐकत होतो मी! कानशिलं तापली. शेजारच्या टेबलावरची पोरं नूडल्स तोंडातून लोंबत ठेवून माझ्याकडे बघायला लागली. आणि हा गडी आपला शांतपणे, हात जोडून, शेवटचा घाव घालतोय:

"माझं एवढंच म्हणणं आहे सर, सध्या अकरा महिन्यांचं करू या. जमलं तर पुढं वाढवू. नाही जमलं तर जशी घेतली तशी तुमच्या ताब्यात परत देईन. मग तुम्ही कुणालाही द्या."

मी उठलो. असा उठलो की टेबल माझ्याबरोबर उठलं. वाडगा उडाला, नूडल्स माझ्या खांद्यावर, वाँटन सदऱ्यात.

"अकरा महिने?" मी कराडच्या बाजारात ओरडावं तसा ओरडलो, आणि तेही अस्सल मराठीतून. मग भान आलं आणि हिंदीत फिरलो. "अरे, माझी मुलगी म्हणजे काय दुकानाचा गाळा वाटला काय तुला?"

दावा माझ्याकडे बघतोय. मी त्याच्याकडे बघतोय.

"मुलगी?" तो हळूच म्हणाला. "कुठली मुलगी, सर? मी तर जागेबद्दलच बोलतोय, गाळ्याच्या. शेजारच्या."

आणि काउंटरवरून सुरेवाली म्हणाली, "मी बहीण आहे त्याची."

पृथ्वी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. जगतपुऱ्याची जमीन मात्र जरासुद्धा हलली नाही.

पण थांबा, एवढ्यावर भागलं असतं तर मी स्वतःला भाग्यवान समजलो असतो. दारात एक पांढऱ्या झब्ब्यातले, नाकाला रुमाल लावलेले वयस्क गृहस्थ उभे होते. गाळ्याच्या मालकाचे खरे मोठे भाऊ, ते कांदा न खाणारे! त्यांना काय दिसलं असेल? आडवं टेबल, फुटलेला वाडगा, खांद्यावर नूडल्स घेऊन किंचाळणारा माणूस आणि हातात सुरा घेतलेली मुलगी.

"हे असं चालतं इथं?" ते म्हणाले. "मी जागा बघायला आलो होतो. बघितली. आम्हाला द्यायची नाही." आणि वळून चालू लागले.

दावाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. पण तो खाली वाकला आणि फुटलेल्या वाडग्याचे तुकडे गोळा करायला लागला. बहीण म्हणाली, "राहू दे, मी करते," तर तिचा आवाज भरून आलेला. कितीतरी दिवस दोघांनी त्या गाळ्याची स्वप्नं बघितली असणार, आणि मी येऊन त्यावर टेबल उलटं केलं.

मला राहवेना. तसाच पळत सुटलो. गल्लीत त्या गृहस्थांना गाठलं आणि त्यांचा हातच धरला.

"भाईसाब, थांबा! चूक माझी आहे. या मुलाचा काही दोष नाही!"

"आपण कोण?"

"मी... गिऱ्हाईक."

त्यांनी माझ्या खांद्यावरच्या नूडल्सकडे पाहिलं. "गिऱ्हाईक भांडतात म्हणजे जागा चांगली नाही."

"अहो, मी भांडलो ते गैरसमजातून! मी विम्यातला माणूस आहे. चौकशी करणं हा माझा धंदा. आणि या मुलाची जेवढी चौकशी मी आत्ता केलीय ना, तेवढी कुणी केली नसेल. पार त्याच्या आईच्या मतापर्यंत पोचलो! किती टोचून बोललो मी, पण पोरानं एकदासुद्धा आवाज चढवला नाही. आपलं दुकान बुडवणाऱ्यालासुद्धा 'सर' म्हणतोय!"

गृहस्थ जरा थांबले. ते थांबले म्हटल्यावर मला आणखी चेव आला. गल्लीतले लोक गोळा झाले होते. मी आपल्या खास कराडी हिंदीत, छातीवर हात ठेवून, गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात घोषणा केली:

"ऐसा लड़का ढूँढके नहीं मिलेगा! आप दुकान का क्या सोचते? मैं तो इसको मेरी बेटी आँख बंद करके दे दूँगा!"

"बाबा?"

मागं वळलो. ऋतुजा उभी होती. शेजारी एक उंच, सडपातळ मुलगा, इस्त्रीचा सदरा, हातात मिठाईचा डबा. ऋतुजाची स्कूटी ऑफिसात बंद पडली म्हणून तो तिला आणायला गेला होता, हे नंतर कळलं. नाव निखिल. वडील रेल्वेत, मूळचे भुसावळचे. तो घाम पुसत, स्वच्छ मराठीत मला म्हणाला:

"काका, मी थांबू... की जाऊ?"

तिकडं ते गृहस्थ एकदम हसायला लागले. म्हणाले, "हे मुलगी द्यायला निघालेत, मग मी नुसती दुकानाची जागा द्यायला का घाबरू?" आणि मांस भाजायची भट्टी जुन्याच दुकानात ठेवायची, या अटीवर गल्लीतच गाळा देऊन मोकळे झाले. अकरा महिन्यांसाठीच!

मग काय, आम्ही सगळे आत बसलो. दावानं नवे वाडगे आणले, बहिणीनं एक अख्खं बदक कापलं. निखिल दोन काड्यांनी वाँटन अलगद उचलून खात होता आणि मी त्याला एकही प्रश्न विचारत नव्हतो. विचारायला तोंड कुठं राहिलं होतं? प्रश्न उलट दावाच त्याला विचारत होता. पगार, घर, आईवडील, सगळं. अगदी मुलीच्या मोठ्या भावासारखा.

तेवढ्यात सुनंदाचा फोन आला. मी उचलायच्या आत ऋतुजानं तो हिसकावला.

"हां आई. हो, भेटले. बाबांना मुलगा एकदम पसंत पडलाय, पूर्ण गल्लीसमोर हो म्हणाले. बस, मतलब, एकच प्रॉब्लेम आहे... तो माझावाला नाहीये."