निम्मी दुलई

नवरा घर सोडून दुसरीकडे राहायला गेला, तेव्हा गाडी घेऊन गेला, कॅमेरा घेऊन गेला, भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून नेलं. दुलई तेवढी विसरला. बदकाच्या छातीवरची मऊ पिसं भरलेली ती दुलई दोघांना मिळून पुरेल एवढी होती. लग्नानंतरची कितीतरी वर्षं दोघं ती घेऊन डोंगरावर जात, तंबूत झोपत. पहाटेपर्यंत ती सगळी त्याच्या अंगावर असे आणि बाई गुडघे पोटाशी घेऊन उजाडायची वाट बघत.

बाई बेकरीत पहाटे भट्टी पेटवायच्या, कणीक मळायच्या. तिथे सगळे त्यांना नुसतं ‘बाई’च म्हणत.

दुलई उसवून स्वतःपुरती नवी शिवायची, असं बाईंनी ठरवलं. धाकट्या बहिणीने कपाळाला हात लावला.

“ताई, अगं राहू दे तशीच. उद्या परत आला म्हणजे?”

“आला तर सतरंजी देईन.”

तो आला नाही, त्याचा फोन आला. “अगं, ती दुलई हवी होती. आम्ही डोंगरावर जातोय. तशी निम्मी माझीच आहे ना ती?”

‘आम्ही’ हा शब्द बाईंनी नीट ऐकला. जन्मभर त्याला ‘अहो’ म्हणणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “निम्मी ना? देते तुला. रविवारी संध्याकाळी ये.”

त्याने फोन ठेवला. बहीण उखडली. “द्यायचीच कशाला?”

“त्याचं फुकटचं मला नको. आणि माझं एक पीसही त्याला जायचं नाही.”

रविवारी दोघी न्हाणीघरात शिरल्या. खिडकी लावली, दाराखाली ओलं फडकं सारलं. बाईंनी पहिली शिवण उसवली, तशी पिसं उतू जाणाऱ्या दुधासारखी वर आली. चिमूट उचलली तर हातात काही आहे असं वाटेना. वजनकाट्यावर उशीचा रिकामा अभ्रा ठेवून बाईंनी आकडा शून्यावर आणला आणि मूठमूठ भरायला लागल्या. जोरात श्वास सोडला तरी आकडा हले.

“बोलू नकोस,” बाई म्हणाल्या.

बहीण बोलली नाही. शिंकली.

पुढचा बराच वेळ दोघी भिंतीवरची, बादलीतली, एकमेकींच्या भुवयांवरची पिसं वेचत होत्या. हसून हसून बहिणीला उचकी लागली. सगळं पुन्हा पहिल्यापासून तोलावं लागलं. शेवटी दोन अभ्रे अगदी सारखे भरले. एकाचं तोंड बाईंनी घट्ट शिवून टाकलं.

आता उरलेल्या निम्म्यात ऊब कशी आणायची? जुन्याच मापाची दुलई केली तर पिसं विरळ होणार आणि मधून थंडी शिरणार. बाई फरशीवर कापड अंथरून त्यावर आडव्या झाल्या. “काढ माझ्याभोवती खडूने रेघ. हात फिरेल एवढी जागा सोड, पायाकडे निमुळतं घे.”

बहिणीने रेघ ओढली आणि मागे सरून बघितलं. “यात दुसरं कुणी मावायचं नाही हं, ताई.”

“मावायला नकोच आहे.”

कापडाचे आडवे कप्पे शिवून झाले. बहीण प्रत्येकात सारखी पिसं तोलायला निघाली, तर बाईंनी तिचा हात धरला. “सारखी कशाला? पाय माझे बर्फ होतात. तिकडे सढळ हाताने घाल. खांद्याकडे कमी चालतील.”

संध्याकाळी नवरा दारात उभा राहिला. बाईंनी फुगलेला अभ्रा त्याच्या हातात दिला.

“हे काय?”

“निम्मी दुलई. तोलून दिलीय. खात्री करायची असेल तर काटा आणते.”

“अगं, पण ही शिवणार कोण?”

“ते तुम्ही दोघं ठरवा.”

“काय हट्टी बाई आहेस गं तू!”

“हो, आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. दाराला पाठ टेकून थोडा वेळ उभ्या राहिल्या. रडू आलं नाही.

थंडीत गिर्यारोहकांच्या एका गटाबरोबर बाई डोंगरावर गेल्या. गटाचा म्होरक्या काळजीने म्हणाला, “वर एकट्या तंबूत राहणार? त्यापेक्षा खाली पायथ्याशी खोली घ्या ना.”

“तुम्ही घ्या,” बाई म्हणाल्या आणि तंबूची खुंटी ठोकू लागल्या.

पहाटे खांद्याला गार लागलं. तिथली पिसं कमीच पडली होती, चूक त्यांचीच. बाईंनी स्वेटर खांद्यावर ओढला आणि पाय ताणून दिले. पाय छान उबदार होते. उभा जन्म भट्टी पेटवायला अंधारात उठण्यात गेला होता.

“बाई, उठा!” बाहेरून म्होरक्या ओरडला. “सूर्योदय चुकेल!”

“चुकू दे,” आतून आवाज आला. “उद्या परत आहेच तो.”