थांबा मास्तरांची पिशवी

आमच्या भावोजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, सगळी गल्ली ‘थांबा मास्तर’ म्हणते. धंदा शिवणकामाचा. कापडावर खडू मारतील, पुसतील, पुन्हा मारतील. कात्री हातात घेईपर्यंत गिऱ्हाईक घामाघूम! बोलणंही तसंच. “चहा घेणार का?” विचारलं तरी “थांबा, सांगतो.” तोवर चहा गार.

हसायचो आम्ही. पण ताई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा तिनं यांचा हात धरून विचारलं, “अहो, मी बरी होईन ना?” आणि हे नुसते उभे. काखेत पिशवी, ओठ हलतायत, शब्द फुटत नाही. वाट बघून बघून तिनं डोळे मिटले, ते पुन्हा उघडलेच नाहीत. एक खोटं ‘हो’ म्हणायला काय जात होतं हो यांचं? माझ्या मनातून ते साफ उतरले.

त्यानंतर त्यांनी तोंडाला कुलूपच घातलं. दुकान उघडायचे, पण कात्रीला हात लावायचे नाहीत. शेवटी त्यांच्या मुलीनं एका नाटकाच्या वर्गात त्यांचं नाव घातलं आणि तिथं नेऊन बसवायचं काम माझ्या गळ्यात मारलं. नाटक तरी कसलं, लिहिलेलं काही नाहीच! समोरचा म्हणेल ते खरं धरायचं आणि सुचेल ते लगेच बोलायचं. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, “डोकं बाहेर चपलांशेजारी काढून ठेवा.” मास्तरांना ते कुठलं जमायला!

एकदा एक मुलगी गिऱ्हाईक होऊन आली. “मास्तर, माझा शर्ट झाला का?” अहो, रोजचाच प्रश्न! तरी हे गप्प. पोरं हसू दाबायला लागली. बाई हळूच म्हणाल्या, “राहू द्या मास्तर. पुढच्या वेळी नुसतं बघायला या.” ते मान खाली घालून जागेवर निघाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तरातरा पुढे गेले, मधल्या बाकावर आडवी झाले आणि त्यांचा हात धरला.

“अहो, मी बरी होईन ना?”

“होशील म्हणजे काय! उद्या घरी जायचंय आपल्याला.” एका दमात बोलले. “हा बघ, नवा ड्रेस शिवलाय तुला. डावी बाही सैल ठेवलीय. सुया टोचून हात सुजलाय ना तुझा, दुखायला नको.”

हातात काहीच नव्हतं. तरी त्यांनी तो ड्रेस झटकला, माझ्या अंगावर पसरला आणि डाव्या खांद्यापाशी नीट केला. मला रडू आवरेना.

घरी जाताना मी विचारलं, “त्या दिवशी पिशवीत हाच ड्रेस होता?”

“हो.”

“मग नुसता दाखवायचा तरी होता, भावोजी!”

“काढणारच होतो,” ते म्हणाले. “पण तिचा हात बघितला. वाटलं, बाही अजून थोडी सैल हवी होती.”