दिव्याआडचे हात

तिचं नाव भाडेकरारावर आहे, ते इथे लिहीत नाही. करार एजंटनं उरकला होता, त्यामुळे मी तिला पाहिलं ते एकदाच.

खालच्या मजल्यावरून लीकेजची तक्रार आली म्हणून भर दुपारी करंजाड्याच्या माझ्या फ्लॅटवर गेलो. ती ऐरोलीला नोकरीला; घरी कोणी नसणार असं धरून मी फोनही केला नाही. घर माझंच तर होतं. दुसरी चावी फिरवली आणि आत शिरलो.

ती जमिनीवर बसली होती. पुढ्यात पीठ पसरलेलं, त्यावर दिवा. दारातून वारा आला तसे तिने आधी दोन्ही तळहात ज्योतीभोवती धरले, मग माझ्याकडे पाहिलं.

"दार लावा, दिवा विझेल."

मी लावलं. मी घरमालक, हे सांगताना माझाच आवाज मला नकोसा झाला.

"आई गेली. आज आठवा दिवस," ती म्हणाली. हात तसेच. "तुम्हाला कळवलं नाही. घरात मयत झाली म्हणून जागा खाली करायला लावाल, असं वाटलं."

लीकेजचं मी कसंबसं सांगितलं.

"तेराव्यानंतर बघा. पण आधी फोन करा. आई दिवसभर इथे एकटी असायची. तेव्हा असं कोणी आत आलं असतं, तर घाबरली असती हो."

सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. मीही म्हणालो नाही. जिना उतरताना लक्षात आलं, आत शिरतानाही मी काहीच म्हणालो नव्हतो.