इंडिकेटरवाले चाचा

सिंदेवाहीत पायी चालताना वळायच्या आधी हात दाखवणारा माणूस एकच आहे, आणि तो आमचे इंडिकेटरवाले चाचा. डावीकडे वळायचं असेल आणि भाजीची पिशवी डाव्या हातात असेल, तर ते थांबून पिशवी बदलतात, डावा हात आडवा धरतात आणि मगच गल्लीत शिरतात. मागे कुत्रंही नसलं तरी. चाची सांगतात की घरातसुद्धा तेच, दोनदा त्यांच्या हातातला चहा सांडलाय. लोक हसतात, चाचा हसत नाहीत. त्यांच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात एका तारेला फुटक्या इंडिकेटरच्या नारिंगी काचा ओवून टांगल्यात. कुठली काच कुठल्या गाडीची, ती न सांगता कुठं वळली आणि मागून खनिजाचा ट्रक कसा आला, हे त्यांना पाठ आहे. "हे दोघं भाऊ होते," म्हणतात, काच पुसतात आणि पुन्हा कामाला लागतात.

मी जतकडचा. सातवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत इथल्या म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांच्या अ‍ॅम्बॅसिडरवर ड्रायव्हर म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात तापानं आडवा झालो तेव्हा चाचांनी विचारलं, इथी कोन हाय तुहं? कोणी नाही म्हटल्यावर, मंग जेवाले ये, एवढंच म्हणाले. तेव्हापासून माझं एक वेळचं ताट त्या घरात आहे. मला सगळ्याची भीती वाटते, साहेबांची, जंगलातल्या रस्त्याची, उद्याची. पण त्या ताटावर बसलं की जरा कमी वाटते.

चाचांचा वस्तूंवर काडीचा विश्वास नाही. नवा स्विच आणला की खोका आधी कानाशी हलवतात, मग वास घेतात. तारांच्या रंगावर विसंबून जोडणारा त्यांच्या मते अर्धा खुनी. त्यांच्याकडे चार बल्ब लावलेली एक फळी आहे, तिला ते शाळा म्हणतात. त्या फळीवर डावं-उजवं बिनचूक दाखवल्याशिवाय स्विच गाडीत जात नाही. मला म्हणायचे, "तू सातवीतून पयाला, ह्याले पयल्यांदा पास तर होऊ दे."

गेल्या वर्षी आमची गाडी पासिंगला जायची होती. या वेळी नापास झाली तर भंगारात, असं साहेबांनी सांगितलं होतं. गाडी गेली की मीही गेलो. म्हणून घाबरून मी गंज झाकायला रंग आणून डिकी आतून स्वतः रंगवली. मागचे दिवे सोडवले, रंग मारला, पुन्हा बसवले. दोन दिवसांनी स्टिअरिंगजवळच्या इंडिकेटर-स्विचची दांडी माझ्या हातात तुटून आली.

चाचांनी नवा स्विच शाळेतून पास करून बसवला. समोरचे दिवे बरोबर. मागे मात्र डावीकडचा इंडिकेटर दिला की ब्रेकचा लाल दिवाही मिणमिणायचा. त्यांनी विचारलं, मागची अर्थिंग खरवडून साफ केली का? वीज परत जायला तिथं उघडं लोखंड लागतं, आणि आमच्या डिकीत कमरेपर्यंत शिरणं त्यांच्या गुडघ्यांना जमत नाही. मला नव्या रंगावर कानस चालवायचा धीर झाला नाही. नुसता स्क्रू आवळला आणि हो म्हटलं.

त्यांनी दुसरा स्विच बसवला. मग तिसरा. तिन्ही फळीवर पास, गाडीत नापास. घोळ माझ्या रंगाचा आहे हे दुसऱ्या स्विचलाच माझ्या लक्षात आलं होतं, पण एकदा हो म्हटलेलं मागे घ्यायचं कसं ते कळेना. तिसऱ्या दिवशी चाचा स्टूलवर बसले आणि बराच वेळ स्वतःचे पंजे उलटेसुलटे करून बघत राहिले.

"हात गेले गा माहे," म्हणाले. "फळीवर चालते, गाडीत मरते. म्हंजे जोडनाराच खराब हाय. कोनाच्या गाडीत उलटं जोडलं तं मानूस मरंल."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. चाचींनी मलाच विचारलं, काय झालं म्हणून. मी वरणभात गिळला.

सकाळी उठून मी डिकीत शिरलो, स्क्रूखालचा रंग लोखंडापर्यंत खरवडला. सगळे दिवे जसे हवे तसे लागले. गप्प बसलो असतो तर तिसरा स्विच चांगला निघाला, एवढंच लोकांनी म्हटलं असतं. पण दुकानात गेलो तर चाचा एका जीपवाल्याला सांगत होते, ब्रह्मपुरीले जा भाऊ, मी आता हे काम करत नाई.

जीप गेल्यावर मी सांगून टाकलं. रंगाचं, स्क्रूचं, सगळं.

"मंग हो काऊन म्हटला?"

"भ्यालो, चाचा."

ते स्टूलवर बसले. मग म्हणाले, "अन् मी नाई भ्यालो का बे? तीन दिवस ह्या हातायकडे पाहून राह्यलो मी."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी पाना उचलला, जीपवाल्याला परत बोलवायला मला पाठवलं, आणि दुपारी ताट नेहमीसारखं वाढलेलं होतं.

गाडी पास झाली. मी अजून इथंच आहे, दुकानही चालू आहे. पण त्यानंतर अर्थिंग साफ आहे का, हे चाचांनी मला कधी विचारलं नाही. गाडी नेली की स्वतः डिकीत शिरतात. आत त्यांची कानस घासल्याचा आवाज येतो, मध्येच थांबतो, गुडघ्यांना त्रास होत असणार. काम झालं की आतून हाक मारतात, आणि मी त्यांना कमरेला धरून बाहेर काढतो. दर वेळी थोडे हलके लागतात.